सत्तेचाळीस एकशे दहा

सालेकसा, ४ फेब्रुवारी

भाऊ,

फोन तू उचलत नव्हतास, आणि आता तर घंटीही वाजत नाही, नुसता तुटतो. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या बाईला पाकीट मागितलं तर तिनं आधी माझा चेहरा पाहिला, मग ड्रॉवर धुंडाळला. तुझ्या मार्टच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण घरचा पत्ता तू आम्हाला दिलेलाच नाहीस. मॅनेजरच्या नावानं आलेलं पत्र कोणी फेकणार नाही, असं धरून चालते.

आधीच सांगते, भांडायला लिहीत नाही. कार्तिकात बाबूजी गेले ते सांगायला मी रायपूरला आले, तेव्हा तू मार्टच्या दारात निळा टी-शर्ट घालून उभा होतास. "तू हो पुढं, मी येतो," म्हणालास. मी पुढं झाले. दहावं झालं, तेरवी झाली, धान मळून घरात आलं. रायपूरहून सालेकसा असं किती लांब आहे रे? सकाळच्या गाडीनं निघालं तर माणूस जेवायला घरी.

काम असं आहे. दुकानाची नोंदणी बाबूजींच्या नावानं आहे, ती मायच्या नावानं करायची. तू माझ्या सेवा केंद्रात कधी पाय ठेवला नाहीस, म्हणून सांगते: सरकारनं प्रत्येक धंद्याला पाच आकड्यांचा कोड दिलेला आहे. कोंबडीवाल्याचा वेगळा, भाजीवाल्याचा वेगळा, केस कापणाऱ्याचा वेगळा. दिवसभर मी तेच भरत बसते. बाजारात फिरताना आता मला माणसांची नावं आधी आठवत नाहीत, कोड आठवतात. किराण्याचा ४७११०. आपल्या दुकानाचाही तोच. नाव बदलायचं, कोड तोच ठेवायचा, मायच्या मोबाइलवर ओटीपी येतो तो टाकायचा, झालं. पण माय ओटीपी सांगत नाही. "मालक बसून हायेत ना दुकानात, मंग माह्या नावानं काऊन करतस?" म्हणते.

आता पुढचं कसं लिहू ते मला कळून नाही राहिलं. बाबूजी गादीवरच गेले, हे तुला ठाऊक आहे. दुपार होती, पोह्यांच्या पोत्याला टेकले होते. गिऱ्हाईकाला वाटलं डोळा लागला, तो बिचारा बराच वेळ गूळ घ्यायला उभा राहिला. त्या दिवसापासून गादीवर कोणी बसलं नाही. माय बाजूला टिनाच्या स्टुलावर बसते. कोणी भाव विचारला की गादीकडे वळते आणि विचारते, "अहो, लाखोळी डाळ कितीनं लावू?" थोडं थांबते. मग भाव सांगते.

तुला बाबूजींचं खाकरणं आठवतं ना. गिऱ्हाईकानं घासाघीस केली आणि भाव पटला की एकदा खाकरायचे, म्हणजे सौदा झाला, पिशवी भर. पटला नाही की गप्प. मग गिऱ्हाईकानं डोकं आपटलं तरी गप्प. माय म्हणते, अजूनही तसंच आहे. ती विचारते आणि ते खाकरतात किंवा खाकरत नाहीत.

पहिले पहिले लोकांनाही गंमत वाटली. "मालक, दोन रुपये सोडा ना," असं रिकाम्या गादीला म्हणायचे आणि मायही हसायची. मी पण हसले, खोटं कशाला बोलू. पण भाऊ, तिचे भाव चुकत नाहीत. गोंदियाच्या ठोक बाजारात काय चाललं ते मी तिला सांगितलेलं नसतं, तिला फोन लावता येत नाही, तरी तिचा भाव बरोबर निघतो.

अकतीला, तुमच्या मार्टच्या जाहिरातीतल्या अक्षय तृतीयेला, घागर भरून बाबूजींना पितरांत मिळवायचं आहे. घागरीला मोठ्या मुलाचा हात लागतो, हे मी तुला शिकवायला नको. ते झालं की माय मानेल की ते गेले. तू ये. रात्री राहू नकोस हवं तर, घागर भर आणि परत जा.

माझं बरं चाललं आहे. माझी काळजी करू नकोस.

नूतन

सालेकसा, १७ मार्च

भाऊ,

उत्तर नाही. बरं. पत्र परत आलं नाही म्हणजे कोणीतरी घेतलं आहे, आणि तो कोणीतरी तूच आहेस असं मी धरते.

मोहफुलं पडायला लागली आहेत. जंगलाकडची माणसं टोपल्या घेऊन येतात आणि बाबूजींच्या वेळेसारखंच मोहफुलं देऊन मीठ-तेल नेतात. मागच्या बाजाराला मनिराम आला होता. तोच, ज्याच्या मोहफुलांत तू लहानपणी लोळला होतास आणि घरभर वास केला होतास. त्याचा बैल हरवला होता. मीठ बांधून होईपर्यंत तो आपला रडगाणं गात होता आणि मायनं सहज, जसा डाळीचा भाव विचारते तसं, गादीकडे वळून विचारलं, "मनिरामचा बैल सापडन का?" थांबली. मग म्हणाली, "सापडते म्हणतात."

बैल दुसऱ्या दिवशी कालव्याच्या काठाला चरताना सापडला. सापडणारच ना, बैल जाईल कुठं? पण मनिराम नारळ घेऊन आला. नारळही त्यानं आपल्याच दुकानातून घेतला, मायकडून, आणि गादीपुढं फोडला.

झालं. आता रोज दारात माणसं आहेत. कोणाची बकरी, कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाच्या शेतात बोअर लागेल की नाही. येतात, नारळ घेतात, उदबत्तीचा पुडा घेतात, लिंबू घेतात आणि विचारतात. माय गादीकडे पाहून हो की नाही सांगते. ती कोणाकडून त्याचं काही घेत नाही, हेही सांगून ठेवते. नारळाचे घेते, तेवढेच. तुला दुकान मोठं करायचं होतं ना? बघ, गर्दी आवरत नाही.

आणि मी तो फॉर्म अजून भरला नाही. पहिले मायमुळं अडला होता, आता माझ्यामुळं अडला आहे. ४७११० चा नियम असा की दुकानात सगळं काही मिळो, पण खाण्यापिण्याचा माल जास्त खपला पाहिजे. दुसरंच काही जास्त खपत असेल तर कोड बदलतो. मी रविवारी फळ्या पाहिल्या. तांदूळ जिथल्या तिथं. तूरडाळीला सोंडे लागले आहेत. किराण्याचं रोजचं गिऱ्हाईक आमगाव रोडवरच्या नव्या मार्टात जाऊन राहिलं, कारण दोन किलो साखरेसाठी नवसवाल्यांच्या रांगेत कोण उभं राहील? खपतात ते नारळ, उदबत्त्या आणि लाल कापड. नारळ खाण्याची वस्तू धरायची की नाही, यावर मी स्वतःशीच वाद घातला. धरली तरी तो कोणी खायला नेत नाही.

मग मी यादीत खाली खाली गेले. भविष्य सांगणाऱ्यांचा, अंगात येणाऱ्यांचाही कोड आहे, ९६ नं सुरू होतो. त्याच ९६ मध्ये न्हावी आहे, धोबी आहे आणि मढ्याची व्यवस्था करणारेही आहेत. मी ते पान बंद केलं.

अकतीला महिना राहिला आहे. ये.

नूतन

सालेकसा, २९ मार्च

भाऊ,

आज मला तुझा राग आला आहे, म्हणून अक्षर असं आहे.

काल दुकान रिकामं होतं, मी मायला म्हटलं, अकतीचं ठरव, भाऊला बोलवायचं ना? ती म्हणाली, त्यायले पुसतो. मी म्हटलं, पूस. तिनं पदर सावरला, गादीकडे तोंड केलं आणि अगदी हळू विचारलं, "भूपेंद्रले बलावू का?"

आम्ही दोघी थांबलो. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्यानंतर काहीच नाही. मायनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज फाटला. "नाई म्हणतात," असं म्हणून ती उठली आणि आत जाऊन चुलीपुढं बसली, चूल पेटलेली नव्हती तरी.

मग तिनं मला ते सांगितलं. तुमचं भांडण झालं त्या दिवशी मी केंद्रात होते, म्हणून मला आजवर अर्धंच माहीत होतं. तुला गादी काढून रॅक लावायचे होते, लोकांनी आपल्या हातानं माल घ्यावा, दारात मशीनवर बिल व्हावं. बाबूजी म्हणाले, लोक आपल्या हातानं घेतीन तर मी कायले बसलो आहो? तू म्हणालास, तेच तर. ते म्हणाले, मी मेल्यावर लाव तुझे रॅक. आणि तू म्हणालास, "मंग तेचीच वाट पाहून राहिलो."

बस, एवढंच. रागात माणूस याहून वाईट बोलतो. मी स्वतः बाबूजींना याहून वाईट बोलले आहे. पण ते पुढच्याच धानाला गेले आणि तुझं ते वाक्य घरात राहिलं. मला वाटते तू येत नाहीस ते आमच्यामुळं नाही, त्या वाक्यामुळं. खरं आहे का? नुसतं हो-नाही लिही, पोस्टकार्डावर लिही.

माय आता म्हणते की तू आलास आणि त्यांची मर्जी नसताना घागरीला हात लावलास तर ते पाणी त्यांना पोचणार नाही. मोठ्या मुलाशिवाय चालत नाही आणि मोठा मुलगा चालत नाही. मग बाबूजी असेच राहणार, ना घरात ना पितरांत. असंच चाललं तर माय त्या स्टुलावरून कधी उठणार नाही. ती आता जेवणही तिथंच करते. आधी त्यांचं ताट ठेवते.

लीलाधरच्या घरून निरोप आला आहे की लग्नाचं पुढच्या वर्षी बघू. दुकानात मढं बसलेलं आहे अशा घरची पोरगी नको, असं त्यांच्या आत्यानं बाजारात म्हटलं. हे तुला सांगायचं नव्हतं. खोडत नाही, राहू दे.

नूतन

सालेकसा, १० एप्रिल

भाऊ,

जे झालं ते सरळ सांगते.

जमुना आठवते? आपल्या तेंदूपत्त्याच्या फडीवर पानांचे पुडे मोजायची, तोंडात सदा तंबाखू. तिची नात आचल, पोरीची पोरगी, तिला ताप होता. बरेच दिवस होता. पहिले झाडपाला केला, मग इथल्याच एका डॉक्टरची सुई झाली. मंगळवारी जमुना तिला खांद्यावर टाकून दुकानात घेऊन आली. मी घरून केंद्रात निघाले होते, दारातच थांबले. पोरीचे डोळे अर्धे उघडे होते आणि ती कोणाला ओळखत नव्हती.

जमुनानं नारळ घेतला. नारळ घेतला, भाऊ, त्या पोरीला खांद्यावर धरून. आणि विचारलं, "मालकायले पुसा जी, गोंदियाच्या दवाखान्यात नेऊ का?"

मायनं विचारलं. मी मायच्या तोंडाकडे पाहत होते. तिनं कान दिला, थांबली, पुन्हा विचारलं. तिचं तोंड पडलं. ती खोटं बोलू शकत नाही, तुला ठाऊक आहे, कमी माप कधी तिच्या हातून गेलं नाही. ती म्हणाली, "गप्प हायेत."

गप्प म्हणजे नाही. सगळ्या दुकानाला ते ठाऊक होतं. जमुनानं मान हलवली, पोरीला नीट घेतलं आणि घराकडे वळली. तिला वाईटही वाटलं नाही. तिला उत्तर मिळालं होतं.

मी चप्पल घालूनच गादीवर चढले. बसले. पोह्यांच्या पोत्याला पाठ लावली आणि म्हणाले, "ने. आत्ता ने."

जमुना परत फिरली आणि माझ्या पायाशी वाकली, आणि मला इतकी किळस आली स्वतःची, पण मी पाय मागं घेतले नाहीत, कारण मागं घेतले असते तर तिला शंका आली असती. शेजारच्या कैलाशला हाक मारली, त्यानं गाडी काढली. मलेरिया डोक्यात चढला होता. गोंदियाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळपर्यंत वाट पाहिली असती तर काही खरं नव्हतं. आचल आता पेज पिते. परवा तिनं नर्सच्या बोटाला चावा घेतला म्हणे.

मी घरी आले तेव्हा माय तशीच स्टुलावर होती. मला वाटलं, रागावेल, मारेल. तिनं आवाजही चढवला नाही. म्हणाली, "बसल्या माणसाले उठवलं तू. आता ते कुठं बसतीन?"

मी म्हटलं, माय, तिथं कोणी नव्हतं.

"उभे हायेत," ती म्हणाली. "तुह्या मांगं."

नूतन

सालेकसा, १५ एप्रिल

भाऊ,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी निघ. रविवारी अकती आहे.

पाच-सहा दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. माय तेलाच्या डब्यांपाशी जागा सोडते, कारण ते तिथं उभे असतात. गिऱ्हाईक त्या बाजूला सरकलं की म्हणते, थोडं इकडून. दुकान बंद करताना दाराचं एक फळकट उघडं ठेवते. आणि लोक आता मला विचारतात. मी गादीवर बसले ना, पोरगी वाचली ना, म्हणजे मालक माझ्या तोंडून बोलतात. केंद्रात येऊन, कोड भरता भरता विचारतात, ताई, घर कोणत्या तोंडाचं बांधू? मी हाकलून लावते. ते जात नाहीत, हात जोडून बसून राहतात.

आणि एक गोष्ट मी मागच्या पत्रांत लपवली. मी ऐकलं आहे, भाऊ. मार्चमध्येच. माय नदीवर गेली होती, मी एकटी डाळ निवडत होते आणि मनात आलं की हे सोंड्यांचं पोतं आता टाकूनच द्यावं. मागून खाकरणं आलं. एकदाच, नेहमीसारखं. मी वळून पाहिलं नाही. रस्त्यावरचं कोणी असेल असं स्वतःला सांगितलं आणि डाळ निवडत राहिले. पोतं टाकलं मात्र.

काल मी ठरवलं, निदान फॉर्म तरी संपवू. लॅपटॉप दुकानात आणला, मायजवळ खाली बसले. ती म्हणाली, काय लिहितस? मी म्हटलं, आपलं दुकान कायचं आहे ते लिहायचं आहे. किराण्याचं लिहू की देवऋषीचं? मग सहजच, म्हणजे तुझा राग येऊन, मी तुझ्या मार्टचं नाव टाकलं. एवढं मोठं मार्ट, चकचकीत दिवे, थंडी, ढकलगाड्या, म्हटलं याचा कोड तरी किती मोठा असेल. निघाला तो ४७११०.

मला वाटलं चुकलं. वर्णन उघडून पाहिलं. सगळं मिळणारं दुकान, खाण्यापिण्याचा माल जास्त. आपलं पाच फळ्यांचं दुकान आणि तुझं मार्ट सरकारच्या लेखी एका खान्यात आहे. गादी असली काय, रॅक असले काय, कोणी विचारतच नाही.

मी मायला ते वाचून दाखवलं. तिला पहिले समजलं नाही. "म्हंजे तुह्या बाबूजीचं न् भूपेंद्रचं एकच?" मी म्हटलं, एकच. तिनं स्क्रीनवर बोट ठेवून दोन्ही आकडे पाहिले. तिला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. एकेक आकडा जुळवून पाहिला. मग ती तेलाच्या डब्यांकडे वळली आणि म्हणाली, "मंग भांडले कायले?"

बाबूजी गेल्यापासून ती रडली नव्हती, ती तेव्हा रडली. मी तिला धरून बसले. बऱ्याच वेळानं पदर तोंडाला लावून म्हणाली, "पाह्य, अजूनही गप्पच हायेत. अजूनही नाईच म्हणून राहिले."

आणि तेव्हा मला ते दिसलं, जे आम्हाला आधीच दिसायला पाहिजे होतं. मी म्हटलं, माय, बाबूजी घरच्या गोष्टीला कधी खाकरले? खाकरणं दुकानासाठी होतं, मालासाठी, गिऱ्हाईकासाठी. घरात कोणी काही मागितलं तर ते गप्पच राहत. मी आमगावच्या कॉम्प्युटर क्लासचं विचारलं तेव्हा मान खाली घालून सुतळी वळत राहिले, मी रडत झोपले आणि सकाळी सायकल तेल घालून, हवा भरून दारात उभी होती. तू बॅट मागितलीस तेव्हाही असंच. हो म्हणायला त्यांना लाज वाटायची की काय, कोण जाणे. नाही म्हणायचं असलं की मात्र चांगले तासभर बोलायचे. रॅकचं नाही म्हणाले तेव्हा किती बोलले, तूच आठव.

मायनं माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, नवी नवरी होतो तवा दवनीवाड्याले मायच्या घरी जाऊ का म्हून पुसलं, तर गप्प. मी मनातल्या मनात शिव्या देल्ल्या. पहाटे उठून पायतो तं बैलगाडी जुपली होती.

त्यानंतर तिनं डोळे पुसले आणि मला मोबाइल दिला. "टाक तो नंबर," म्हणाली. ओटीपी टाकला. मालक शकुंतलाबाई, ४७११०. उरलेले नारळ उद्या गोंदियाच्या ठोक बाजारात परत पाठवते आहे. आणि मग ती म्हणाली, "लिही त्याले. बाबूजीनं बलावलं म्हणा."

म्हणून लिहिते आहे. बाबूजींनी बोलावलं आहे. तुला बोलावायला त्यांनी कधी नाही म्हटलंच नव्हतं, आम्ही चुकीचं ऐकत होतो. ये.

नूतन

सालेकसा, २७ एप्रिल

भाऊ,

अकतीला तू आला होतास.

मनिराम खोटं सांगणार नाही, त्यानं तुला फलाटावर पाहिलं. रायपूरच्या गाडीतून उतरलास, हातात पिशवी होती, पिंपळाखालच्या बाकावर बसलास. तो तुला हाक मारणार होता, पण त्याच्या डोक्यावर ओझं होतं. परतून आला तेव्हा तू उलट्या दिशेच्या गाडीत चढत होतास. स्टेशनपासून दुकान किती आहे रे? वाणी मोहल्ल्यातून आलं तर बिडी संपायच्या आत.

आम्ही सूर्य उतरेपर्यंत थांबलो, तेव्हा मनिराम हे सांगत आला. घागर कोरी, लाल सूत गुंडाळलेली, पाटावर. शेजारचे म्हणाले, पुतण्याचा हात लावा. माय नाही म्हणाली. शेवटी तिनं स्वतः घागर उचलली आणि पाणी ओतलं, आणि दुकानाकडे तोंड करून म्हणाली, "जा आता. पोरगा स्टेशनापर्यंत आला होता." त्या रात्री तिनं दाराची दोन्ही फळकटं लावली. तेलाच्या डब्यांपाशी आता कोणी नाही. मी दोनदा मुद्दाम तिथं जाऊन उभी राहिले. दुकान नुसतं दुकान झालं आहे, आणि मला त्यात बसवत नाही, पण ते माझं मी पाहीन.

माय गादीवर बसते. भाव आपल्या मनानं लावते, कधी चुकते, लोक हसतात. नारळवाले यायचे थांबले. साखरेचं गिऱ्हाईक थोडं थोडं परत येते. मला वाटलं, सुटलो. पहिले तीन-चार दिवस मला खरंच तसं वाटलं.

मग संध्याकाळी ती घरातून दिसेनाशी व्हायला लागली. मी काल मागं मागं गेले. ती स्टेशनवर जाते. पिंपळाखालच्या बाकावर एका कडेला बसते, बाजूची जागा मोकळी ठेवते. कोणी तिथं बसायला आलं की म्हणते, थोडं तिकडं बसा जी, माणूस आहे. मी खांबामागं उभी होते. ती त्या मोकळ्या जागेकडे वळली आणि विचारलं, "भूपेंद्र, रॅक कोणत्या भिंतीले लावू?"

थांबली. कान दिला. मग मान डोलावली आणि पुढचं विचारलं, येशील ना, असं. पुन्हा थांबली.

बाबूजी मेले होते, भाऊ, त्यांच्यासाठी घागर होती, अकती होती, काहीतरी करता येत होतं. तू रायपूरला जिवंत आहेस, निळा टी-शर्ट घालून. तुझ्यासाठी मी काय भरू?

मी तिला घरी चल म्हटलं. ती उठली, चांगली हसत उठली. म्हणाली, "येते म्हणते तो." मी म्हटलं, माय, तो काही बोलला नाही. तिथं कोणी बोललं नाही. तर माझ्याकडे पाहिलं तिनं, जसं तू आणि मी लहान असताना पाहायची, आणि म्हणाली, "गप्पच तं होता. तूच सांगतलं ना मले, आपल्या घरच्या माणसायचं गप्प म्हंजे काय असते."

नूतन